कुबट वासाचे मूळ : चिखलदऱ्यातील जुन्या वास्तू आणि ओल

परतवाडा सोडून सुमारे तीस किलोमीटरचा घाट चढून गेले की वऱ्हाडच्या सपाटीवरील उकाडा मागे राहतो आणि गाविलगडच्या डोंगररांगेवरील गार वारा अंगाला लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेल्या चिखलदऱ्यात आषाढ-श्रावणात झड लागते, दऱ्या धुक्याने भरून जातात आणि ढग उंबरठा ओलांडून घरात शिरतात. चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला याचे अपूर्व वाटते. मात्र ज्या शिक्षकाला किंवा लिपिकाला ज्येष्ठात बंद केलेली खोली भाद्रपदात उघडावी लागते, त्याचे स्वागत प्रथम करतो तो कुबट वास. भिंतीचा खालचा पट्टा काळवंडलेला असतो, गिलाव्याचे पोपडे जमिनीवर पडलेले असतात आणि कपाटातील नोंदवह्यांची पाने एकमेकांस चिकटलेली असतात.

या चिकटलेल्या पानांचे मोल काय, हे मेळघाटात निराळे सांगण्याची गरज नाही. जुन्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत आजोबांच्या नावापुढे लिहिलेला ‘कोरकू’ हा एक शब्द नातवाच्या जात प्रमाणपत्राच्या पडताळणीस आधार होतो. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० हा दिनांक महत्त्वाचा मानला जात असल्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. नेमक्या ह्याच नोंदवह्या सर्वांत जुन्या आणि बहुधा सर्वांत ओल्या खोलीत ठेवलेल्या असतात. बुरशीने खाल्लेले पान पुन्हा लिहून काढता येते, परंतु पुराव्याच्या दृष्टीने ते मूळ पान राहत नाही. त्यामुळे कुबट वास हा केवळ नाकाला होणारा त्रास समजून उदबत्ती लावण्यावर भागवणे महागात पडते.

वास कशाचा?

बुरशीला वाढण्यासाठी चार गोष्टी लागतात : बीजुके, खाद्य, माफक उष्णता आणि पाणी. बीजुके हवेत सर्वत्र असतात व कोणतीही खोली त्यांच्यापासून मुक्त ठेवता येत नाही. लाकूड, कागद, कापड, खळ, इतकेच काय पण भिंतीवर बसलेली धूळदेखील बुरशीला खाद्य म्हणून पुरते. चिखलदऱ्याची उष्णता माणसाला जशी मानवते तशी बुरशीलाही मानवते. माणसाच्या हाती उरते ते फक्त पाणी. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. त्यासाठी कागद भिजलेला असावा लागत नाही.

वाढताना बुरशी आणि तिच्या जोडीला मातीत राहणारे काही सूक्ष्म जीवाणू हवेत उडून जाणारी द्रव्ये सोडतात. त्यांपैकी एका द्रव्यास १९६५ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘जिओस्मिन’ असे नाव दिले. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो, ज्याच्या धर्तीवर कनौजचे अत्तर करणारे मातीचे अत्तर काढतात, त्या सुगंधातही हेच द्रव्य असते. अंगणात जो वास हवासा वाटतो तोच बंद खोलीत, बुरशीच्या इतर वासांत मिसळून, नकोसा होतो. एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे काही थोडे भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतात. म्हणजे भिंतीवर डाग दिसण्याच्या कितीतरी आधी नाकाला ओलीची वर्दी मिळते. धूप, लोबान, फवाऱ्याची सुवासिक द्रव्ये यांनी ही वर्दी दाबली जाते, ओल होती तेथेच राहते. डांबरगोळ्यांची गोष्टही वेगळी नाही. त्या कसर पळवतील, बुरशी मारणार नाहीत. शिवाय लहान मुलांच्या वावराच्या खोलीत त्यांचा उग्र वास भरून ठेवणे आरोग्यास हितावह नाही.

आरोग्याचा प्रश्न येथे दुय्यम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल व बुरशी या विषयावर २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतींत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनमार्गाचे विकार व दमा यांचा धोका वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र भिंतीवरील काळे डाग पाहून भयभीत होण्याचेही कारण नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने जो रोग ऐकू आला, तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइडचे उपचार घेतलेल्या रुग्णांना झाला. त्याला कारणीभूत असणारी बुरशी आणि भिंत काळवंडवणारी नित्याची बुरशी यांची जातकुळी वेगळी आहे. नावाच्या साधर्म्यामुळे दोन्हींची गल्लत होते एवढेच.

पाण्याच्या तीन वाटा

इमारतीत पाणी येते ते वरून, खालून किंवा हवेतून. वरून येणारे पाणी ओळखण्यास सोपे असते. फुटके कौल, कुजलेला वासा, पानांनी तुंबलेली पन्हळ या गोष्टी मे महिन्यात शिडी लावून पाहिल्या की काम होते. पागोळ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. वळचणीचे पाणी जोत्यालगतच्या जमिनीवर आदळून भिंतीवर उडते आणि भिंतीचा तळ चार महिने भिजत राहतो. अशा भिंतीची ओल खालून चढलेली वाटते, पण तिचे मूळ छपरात असते.

खालून येणाऱ्या पाण्याचा विचार डोंगरी गावात अधिक काळजीने करावा लागतो. गाविलगडची रांग काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक बनला असून दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पावसाचे पाणी वरच्या मातीतून व मुरमातून उतरते, भेगांतून खाली जाते आणि कठीण थर लागला की आडवे वाहू लागते. देवी पॉइंटजवळच्या कपारीत खडकातून पाणी झिरपताना दिसते ते याच रीतीने. तेथे या झिरपणाऱ्या पाण्यापुढे लोक हात जोडतात. हेच पाणी शाळेच्या मागच्या भिंतीतून आले की त्याची तक्रार होते, पण नियम दोन्हीकडे एकच आहे.

उतारावर बांधलेल्या इमारतीची पुढची बाजू जमिनीच्या वर आणि मागची बाजू डोंगर कापून केलेल्या जागेत असते. अशी मागची खोली नावाला तळमजल्याची असली तरी वस्तुतः अर्धे तळघरच होय. तिच्या भिंतीला पलीकडून माती टेकलेली असते आणि वरच्या उतारावरील पाणी त्या मातीत येऊन थांबते. आतून कितीही चांगला गिलावा केला तरी या पाण्याला अडवणे जवळजवळ अशक्य असते. त्याला वाट बाहेरच काढून द्यावी लागते. इमारतीच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून थोडे अंतर सोडून, खोलीच्या फरशीच्या पातळीखाली जाईल असा आडवा चर खणावा. त्याच्या तळाला एका बाजूस उतार द्यावा, तो खडीने भरावा आणि त्याचे तोंड इमारतीला वळसा घालून खालच्या उतारावर मोकळे करावे. चर खणताना पाया उघडा पडणार नाही याची दक्षता घ्यावी, यासाठी बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा सल्ला घेतलेला बरा. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने तीन मीटरांत किमान पंधरा सेंटिमीटर उतार असावा. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रस्त्याची व अंगणाची पातळी वाढत जाते, जोते जमिनीत गाडले जाते आणि एकेकाळी कोरडी असलेली खोली ओलसर होते. तेथे चार दिवस फावड्याने माती ओढली तरी फरक दिसतो.

तिसरी वाट हवेची आहे आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. बाष्पाने पूर्ण भरलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर तिच्यात सुमारे १७ ग्रॅमच मावते. उरलेले सहा ग्रॅम पाणी थंड भिंतीवर, फरशीवर, लोखंडी कपाटाच्या पाठीवर दवासारखे जमते. म्हणून भर पावसाळ्यात ‘हवा खेळती राहावी’ या चांगल्या हेतूने जाड भिंतींच्या थंड खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या टाकल्या तर खोली वाळण्याऐवजी भिजते. धुके आत येत असताना खिडक्या लावून घ्याव्यात आणि उघडीप मिळून ऊन पडले की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. आश्विनात आकाश निवळले की मात्र रोज सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत खोली उघडी ठेवावी. त्याच महिन्यांत खोली सर्वांत अधिक सुकते.

खालची ओल की हवेची?

ओल हवेची की भिंतीची, हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. त्यासाठी परीक्षा सोपी आहे. हातभर लांबरुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घेऊन तो संशयित भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूवर पाण्याचे थेंब दिसले तर ओल हवेतून आलेली आहे. भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीच्या पोटातून येत आहे. कधी दोन्ही बाजू ओल्या दिसतात, तेव्हा आधी भिंतीचा बंदोबस्त करावा. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तीही भिंतीतील पाण्याची खूण समजावी. पाणी जमिनीतील क्षार घेऊन वर चढते, बाहेर येऊन वाळते आणि क्षार मागे ठेवते. हे क्षार वाढताना गिलावा फोडतात.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचे कवच

१८२३ मध्ये हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याच्यामुळे चिखलदऱ्याकडे इंग्रजांचे लक्ष गेले, असे सांगितले जाते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर येथे हवा पालटण्यासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांची वर्दळ वाढली. त्या काळच्या पक्क्या बांधकामाचा आधार चुना हा होता. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात १८२४ मध्ये घेतले गेले असले, तरी भारतात पोरबंदर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये. त्याआधीची दगडविटांची भिंत पाहिली तर तिच्या दरजांत बैलाच्या घाणीवर मळलेला चुना आढळतो.

अशी भिंत पाणी पिते आणि सोडतेही. पावसाळ्यात ती ओलावा शोषून घेते व उन्हाळ्यात चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तो बाहेर टाकते. तिचे आरोग्य या देवघेवीवर अवलंबून असते. कालांतराने पोपडे पडू लागले की दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंटचा पट्टा आणि खाली चकचकीत टाइल्स यांची तरतूद होते. काम झाल्यावर खोली देखणी दिसते, पहिले वर्ष चांगले जाते. पुढे काय होते ते चिखलदऱ्यातच नव्हे, तर जुन्या इमारती असलेल्या कोणत्याही पावसाळी गावात पाहता येईल. पाण्याला पूर्वी कमरेएवढ्या उंचीवर बाहेर पडता येत असे, आता कवचामागे अडकल्याने ते अधिक वर चढते. रंगाच्या पट्ट्याच्या वर नवा डाग उमटतो, लाकडी चौकटी व तुळयांची टोके कुजू लागतात, आणि ठोकून पाहिल्यास गिलावा पोकळ वाजतो. दोष सिमेंटचा नाही, ते आपल्या जागी उत्तमच आहे. दोष आहे तो श्वास घेणाऱ्या भिंतीला झाकण घालण्याचा.

पृष्ठभाग बंद करण्याचा दुष्परिणाम महाराष्ट्राने याच काळ्या पाषाणात, फार मोलाच्या जागी अनुभवला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे संरक्षण व्हावे म्हणून १९२० नंतर इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी त्यांवर लाखेचे व्हार्निश दिले. हेतू शुद्ध होता. परंतु ते व्हार्निश पुढे पिवळसर काळपट पडले, त्याखाली मूळ रंग झाकोळले, आणि ते अलगद काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना अनेक वर्षे करावे लागले.

जुन्या भिंतीच्या दुरुस्तीचा क्रम यावरून ठरतो. प्रथम बाहेरील पाणी वळवावे. मग पोकळ वाजणारा सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी करावी व तिला वाळू द्यावी. जाड भिंत दर महिन्याला साधारणपणे अडीच सेंटिमीटर या गतीने वाळते असा ठोकताळा आहे. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या भिंतीस दीड वर्ष लागू शकते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अनुदान खर्ची टाकण्याच्या घाईत हा काळ कोणी देत नाही आणि ओल्या भिंतीवरच नवा थर चढतो. निदान एक उन्हाळा तरी भिंत मोकळी राहावी. त्यानंतर दरजा चुन्याने भराव्यात, चुन्याचा गिलावा करावा व वर चुन्याचीच सफेदी द्यावी. चुन्याचे काम सावकाश पक्के होते, सबब ते पावसाळा संपल्यावर हाती घेतलेले बरे. ताज्या सफेदीचा क्षारधर्म तीव्र असल्याने तिच्यावर काही काळ बुरशी धरत नाही. दरवर्षी दसऱ्या-दिवाळीला घर पांढरे करण्याच्या प्रथेत शोभेबरोबर हाही लाभ होता.

या बाबतीत कोरकूंची घरे पाहण्यासारखी आहेत. बांबूच्या कुडाची, मातीशेणाने लिंपलेली भिंत ओलावा धरून ठेवत नाही आणि चुलीची ऊब छप्पर सुकवते. त्या धुराने घरातील बाईच्या व मुलांच्या फुप्फुसांची हानी होते, त्यामुळे चुलीचे समर्थन करता येणार नाही. पण धूर गेला, वर सिमेंटचा पत्रा आला आणि हवेची फट बुजली, तर त्या नव्या घरातही कुबट वास येऊ लागेल, याचा विचार घरकुलांचे आराखडे करताना व्हावा.

दप्तराची खोली

पाणी वळवण्याचे काम पूर्ण होईपर्यंत दप्तर सांभाळावेच लागते. बाहेरच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट वीतभर पुढे ओढावे, विटांवर चढवावे. खालच्या खणात महत्त्वाच्या नोंदवह्या ठेवू नयेत. ओलावा शोषण्यासाठी कळीचा चुना ठेवण्याची जुनी युक्ती कामाची आहे, पण तिची मर्यादा हिशेबाने समजून घ्यावी. एक किलो ताजा कळीचा चुना जास्तीत जास्त ३२० ग्रॅम पाणी धरतो. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीतील पावसाळी हवेतच सुमारे एक किलो पाणी असते आणि भिंत ते सतत पुरवत राहते. म्हणून चुन्याचे भांडे बंद कपाटात उपयोगी पडते, खोलीत नाही. त्याला पाणी लागले की तो तापतो व डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून मुलांच्या हाती लागू देऊ नये. कोळसा काही अंशी वास शोषतो, ओल नव्हे.

बुरशी धरलेली नोंदवही झटकू वा आपटू नये, त्याने बीजुके खोलीभर पसरतात. तोंडावर एन-९५ प्रकारचा मास्क लावून ती बाहेर पडवीत आणावी. पाने ओली असतील तर मध्ये टीपकागद घालावेत, सावलीत वारा लागेल अशी ठेवावीत, आणि कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने बुरशी अलगद काढावी. कडक उन्हात जुनी शाई उडते. चिकटलेली पाने ओढून वेगळी करण्याचा मोह टाळावा, त्यासाठी पुराभिलेख विभागाचे मार्गदर्शन घ्यावे. नवी बांधणी करताना खळीत थोडा मोरचूद घालण्याची जुन्या बांधणीकारांची रीत होती, कारण साध्या खळीवर बुरशी लवकर धरते. पाने वाचता येतात तोवर त्यांची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. मूळ नोंदवही मात्र त्यानंतरही जपावी लागते.

भिंतीवरील डाग कोरडे खरवडू नयेत. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावेत व फडके फेकून द्यावे. ब्लिचिंग पावडरने सच्छिद्र भिंतीचा डाग पांढरा होतो, पण आतील बुरशी सुटत नाही. शौचालय धुण्याच्या ॲसिडात ती कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

खोली सुकवण्यासाठी पेटती शेगडी आत ठेवून दार लावून घेण्याचा प्रकार थंड गावांत घडतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही, म्हणून हा उपाय कोणत्याही परिस्थितीत करू नये. वऱ्हाडच्या सपाटीवर याच जातीचा धोका पेवाच्या रूपाने माहीत होता. जमिनीत ज्वारी साठवलेल्या पेवात धान्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू घटतो, आणि उघडताच आत उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवत व आधी कंदील खाली सोडून पाहत. वर्षानुवर्षे बंद असलेल्या तळघराच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. कंदील विझला तर उतरू नये. तो जळत राहिला तरी जागा निर्धोक आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. हवा पुरेशी खेळू द्यावी, एकट्याने जाऊ नये, आणि आत कोणी कोसळलेला दिसल्यास त्याच्यामागे तसेच धावून जाऊ नये.

केलेल्या कामाचा गुण आला की नाही हे तपासण्यास यंत्र लागत नाही. भाद्रपदात भिंतीवरील ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढावी, शेजारी दिनांक लिहावा आणि तिची जमिनीपासूनची उंची शेरेबुकात नोंदवावी. पुढच्या भाद्रपदात त्याच भिंतीपुढे उभे राहून दुसरी रेघ ओढावी. ती पहिलीच्या खाली आली असेल तर चर काम करीत आहे. वर गेली असेल तर गिलाव्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी इमारतीच्या मागे जाऊन चराचे तोंड पालापाचोळ्याने तुंबले आहे काय, ते पाहावे.